प्लेटमधला जंतू, पेशंटमधला जंतू

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, महाराष्ट्रातल्या घराघरांत लॅबचे तीन शब्द पाठ झाले होते: सीआरपी, डी-डायमर आणि फेरिटिन. मी मिरजेला एका लॅबमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राचं काम पाहते. आमच्याकडे येतात ते पू, रक्त, थुंकी, लघवी. फेरिटिन हे बायोकेमिस्ट्रीवाल्यांचं खातं. पण रिपोर्टची खिडकी सगळ्यांची एकच, त्यामुळे प्रश्न मलाही यायचे. "मॅडम, फेरिटिन म्हणजे लोहच ना? ते हजाराच्या वर गेलंय म्हणताय, मग हिमोग्लोबिन नऊवर कसं?" विचारणाऱ्याचा प्रश्न अगदी रास्त होता. फक्त खिडकीत उभ्या उभ्या देण्याजोगं त्याचं उत्तर नाही.

अशा वेळी अंगातलं लोह संपलेलं नसतं, ते दडवलेलं असतं. फेरिटिन हे लोह साठवून ठेवणारं प्रथिन. संसर्गाची चाहूल लागली की यकृतातून हेपसिडिन नावाचं छोटंसं संप्रेरक रक्तात येतं. ते आतड्यातून रक्तात उतरणारं लोह अडवतं. जुन्या तांबड्या पेशी मोडून त्यांतलं लोह परत देणाऱ्या भक्षक पेशींनाही ते हात आखडता घ्यायला लावतं. काही तासांत रक्तातलं लोह उतरतं आणि पेशींच्या आत फेरिटिनमध्ये जाऊन बसतं. शिवाय दाह झाला की फेरिटिन तसंही वाढतं. आजार लांबला तर अस्थिमज्जेला लोह पोचेनासं होतं, नव्या तांबड्या पेशी कमी तयार होतात आणि एकाच कागदावर फेरिटिन वर, हिमोग्लोबिन खाली असं चित्र दिसतं. हेपसिडिनचा शोध २०००-०१ मधला. मी शिकले तेव्हाच्या पुस्तकांत ते नव्हतंच.

हा सगळा खटाटोप जंतूंना लोह मिळू नये म्हणून. मोठ्या माणसाच्या अंगात ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, त्यातलं दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. रक्तद्रवात फिरणारं लोह जेमतेम ३-४ मिलिग्रॅम, आणि तेही ट्रान्सफेरिन या प्रथिनाने घट्ट धरलेलं. खरोखर मोकळं लोह किती, तर लिटरला १० चा उणे १८ वा घात इतके मोल. हा आकडा वाचून कुणालाच काही कळत नाही, म्हणून प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांना मी अणू मोजायला लावते. लिटरमागे साधारण ६ लाख अणू येतात. एका जंतूला दुभंगून दोन व्हायचं तर लाखापासून दहा लाखांपर्यंत लोहाचे अणू लागतात. म्हणजे लिटरभर रक्तद्रवातलं मोकळं लोह एका जंतूच्या एका दुभंगण्याला पुरलं तर पुरलं!

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते कोंबडीच्या अंड्यात. १९४४ साली अमेरिकेत आर्थर शेड आणि लिओना कॅरोलाइन या दोघांनी दाखवलं की अंड्याच्या कच्च्या पांढऱ्यात आमांशाचे शिगेला जंतू वाढत नाहीत, पण त्यात लोह मिसळलं की बिनदिक्कत वाढतात. अंड्यातलं एक प्रथिन लोह बांधून ठेवत होतं. दोन वर्षांनी त्याच दोघांनी माणसाच्या रक्तद्रवातही लोह बांधणारं प्रथिन असल्याचं दाखवलं; तेच ट्रान्सफेरिन. आईच्या दुधात, अश्रूंत, लाळेत त्याचा भाऊबंद लॅक्टोफेरिन असतो, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या चिकाच्या दुधात तो सर्वांत जास्त. चीक बाळाला द्यायचा की नाही यावर अजूनही काही घरांत वाद होतात, म्हणून हे जाता जाता सांगितलं.

जंतूही काही गप्प बसत नाहीत. ते सिडेरोफोर नावाचे लहान रेणू बाहेर सोडतात. हे रेणू बाहेरचं लोह पकडतात आणि जंतू लोहासकट त्यांना परत आत घेतो. आतड्यातल्या बऱ्याच जंतूंचा एन्टेरोबॅक्टिन हा सिडेरोफोर १९७० साली दोन गटांना जवळजवळ एकाच वेळी सापडला, एक अमेरिकेतला आणि एक ऑस्ट्रेलियातला. लोहावरची त्याची पकड इतकी जबर आहे की ट्रान्सफेरिन त्याच्यापुढे फिकं पडतं. मग आपल्या पांढऱ्या पेशी सिडेरोकॅलिन हे प्रथिन सोडतात आणि ते एन्टेरोबॅक्टिनलाच पकडतं. यावर साल्मोनेला आणि क्लेबसिएलाच्या काही जातींनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. ते एन्टेरोबॅक्टिनला ग्लुकोजचे रेणू जोडतात. रेणू जाडजूड होतो आणि सिडेरोकॅलिनच्या खोबणीत मावत नाही. लोहाच्या या झगड्यात साखर पहिल्यांदा इथे दिसते, पण तिचं मोठं काम जंतूच्या अंगावर चालतं.

त्यासाठी क्लेबसिएला न्युमोनिए जवळून पाहायला हवा. मॅकॉन्की प्लेटवर रात्रभर इनक्युबेटरमध्ये वाढलेल्या त्याच्या कॉलनी सकाळी झाकण उचलताच ओळखू येतात: गुलाबी, फुगीर, ओल्या, एकमेकींत ओघळलेल्या. त्यातल्या काहींवर आम्ही एक साधी चाचणी करतो. जंतू उचलायच्या लूपचं टोक कॉलनीला हलकेच टेकवायचं आणि सावकाश वर उचलायचं. एरवी लूप उचलला की कॉलनीचा कण सुटून येतो. इथे मात्र लूपमागे बारीक, चकाकती तार निघते, अगदी एकतारी पाक पळीला लागून यावा तशी. तार ५ मिलिमीटरहून लांब गेली तर चाचणी पॉझिटिव्ह. चांगली सेंटिमीटरभर, कधी त्याहूनही लांब तार निघालेली मी पाहिली आहे. अशा वेळी लूप हलवायचा नाही, नाहीतर ती टेबलावर पडते आणि पुढचा अर्धा तास फिनाइलने पुसण्यात जातो.

पाकाशी तिचं साम्य वरवरचं नाही, कारण ही तार शर्करांचीच असते. जंतूच्या बाहेरच्या बाजूला बहुशर्करांचं जाड कवच असतं. क्लेबसिएलाच्या के-२ प्रकारात त्या साखळ्या ग्लुकोज, मॅनोज आणि ग्लुक्युरॉनिक आम्ल यांच्या असतात. शर्करा आणि त्यांची जोडणी बदलली की कवचाचा प्रकार बदलतो, आणि असे ७० हून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. या जंतूला कार्ल फ्रीडलेंडर यांनी १८८२ मध्ये न्युमोनियाच्या रुग्णांच्या फुप्फुसांत पाहिलं. त्यांच्याच बर्लिनमधल्या प्रयोगशाळेत १८८४ मध्ये हान्स क्रिश्चन ग्राम यांनी ते रंजन शोधलं, ज्याच्याशिवाय आमची एक सकाळ जात नाही. कवच साखरेचं असतं हे कळायला मात्र १९२३ साल उजाडलं. ॲव्हरी आणि हायडेलबर्गर यांनी न्युमोकॉकसच्या कवचाचं रसायन उलगडलं, तोवर जंतूची ओळख पटवणारा पदार्थ प्रथिनच असणार असं बहुतेकांनी धरूनच टाकलं होतं.

रक्तातली पूरक प्रथिनं, म्हणजे कॉम्प्लिमेंट, जंतूच्या अंगाला चिकटून त्याला भोकं पाडतात किंवा भक्षक पेशींना खूण करून देतात. कवच जाड असलं की ही प्रथिनं मूळ अंगापर्यंत पोचत नाहीत, आणि बुळबुळीत, ऋणभारित पृष्ठभागावर भक्षक पेशीला पकड मिळत नाही. यकृतातल्या कुप्फर पेशी रक्तातून जाणारे जंतू टिपण्यात पटाईत असतात, पण के-१ आणि के-२ कवचांचे जंतू त्यांच्याही हातून निसटतात. मधुमेह आटोक्यात नसेल तर पांढऱ्या पेशी आधीच ढिल्या पडलेल्या असतात; अशा माणसात हे जंतू जास्त धोक्याचे. (रक्तातली वाढलेली साखर आणि जंतूच्या कवचातली साखर यांचा थेट संबंध नाही. हा प्रश्न मला हमखास विचारला जातो.)

१९८६ साली तैवानमधल्या डॉक्टरांनी सात रुग्णांची हकीकत छापली. यकृतात क्लेबसिएलाचा पू आणि शिवाय डोळ्याच्या आतही संसर्ग. क्लेबसिएला हा तोवर दवाखान्यात आधीच खंगलेल्या पेशंटला गाठणारा जंतू समजला जाई. इथे तो बाहेरून, चालत्याबोलत्या माणसांना होत होता, आणि यकृतातून डोळ्यापर्यंत जात होता. पुढे अशा रुग्णांची नोंद आशियाभर आणि मग इतर खंडांतही झाली. या जंतूंची कॉलनी तार देते हेही तैवानमध्येच ठळकपणे पुढे आलं, आणि लोहाचा धागाही तिथेच सापडला.

क्लेबसिएलात, आणि त्याच्या अनेक नातलगांत, फर नावाचं एक प्रथिन असतं. लोह भरपूर असेल तेव्हा लोहाचा अणू फरला जडतो आणि फर डीएनएच्या ठराविक जागांवर जाऊन बसतो. तिथली जनुकं बंद राहतात. लोह आटलं की फर रिकामा होतो, डीएनएवरून सुटतो आणि ती जनुकं कामाला लागतात. सिडेरोफोर बनवणारी जनुकं अशी चालतात हे आधीपासून ठाऊक होतं. तैवानमधल्या एका गटाने २०११ मध्ये सीजी-४३ या के-२ कवचाच्या जंतूवर काम करून दाखवलं की फर कवचालाही आवर घालतो. फरचं जनुक काढून टाकल्यावर कवचाचं प्रमाण वाढलं. कवच वाढवणारी आरएमपीए, आरएमपीए-२ आणि आरसीएसए ही तीन नियामकं फरच्या दाबाखाली असल्याचं निघालं. थोडक्यात, लोह कमी झालं की जंतू एका बाजूने लोहाच्या शोधात सिडेरोफोर सोडतो आणि त्याच वेळी अंगावर जादा साखर चढवतो.

आता यकृताच्या पुवातून येणाऱ्या या जहाल जातींकडे पाहा. त्यांच्यात एक मोठं प्लास्मिड असतं, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं कडं. त्या एकाच कड्यावर एरोबॅक्टिन या सिडेरोफोरची जनुकं असतात आणि आरएमपीए असतं. लोह मिळवायची सोय आणि कवच जाड करायची सोय सोबतच फिरतात. अशी जोडी योगायोगाने टिकत नाही, असं माझं मत. एरोबॅक्टिनला सिडेरोकॅलिन पकडू शकत नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगं.

मला इथे सर्वांत विचार करायला लावते ती एक उलटापालट. लोह दडवणं हा आपला बचाव. पण बाहेरच्या जगात, सांडपाण्यात, मातीत, जेवणाने भरलेल्या आतड्यात लोहाची इतकी टंचाई क्वचितच असते. त्यामुळे टंचाई हीच जंतूला आपण कुठे आहोत याची खबर देते. रक्त आलं, पू आला, पांढऱ्या पेशी जवळच असणार. जंतूला अर्थातच यातलं काही कळत नाही. ज्यांच्यात फर आणि कवच यांची सांगड बसली ते टिकले, एवढंच. मग जाड कवच कायमच का बाळगत नाही? एक तर ते बनवायला खर्च फार. दुसरं, आतड्याच्या किंवा मूत्रमार्गाच्या पेशींना चिकटायला जे आखूड केसासारखे तंतू लागतात, ते जाड कवचाखाली गाडले जातात. चिकटायचं असेल तिथे कवच आड येतं.

यावरून आमच्या धंद्याची एक अडचण उघडी पडते. आम्ही पेशंटमधून जंतू काढतो आणि ब्लड अगारवर, मॅकॉन्कीवर खायला घालतो. ब्लड अगार म्हणजे नावाप्रमाणे रक्तच, आणि पेप्टोनमध्येही लोहाची ददात नसते. अशा थाटात वाढलेल्या जंतूचा फर लोहाने भरलेला असतो. आम्ही त्याचं कवच पाहतो, तार ओढतो, त्याच्यावर औषधं तपासतो आणि रिपोर्टवर सही करतो. पेशंटच्या यकृतात उपाशी राहून तो जसा वागत होता, तसा तो आमच्या प्लेटवर वागत नाही. ज्याची तार प्लेटवरही लांब निघते त्याच्याबद्दल आपण सावध होतो. ज्याची निघत नाही त्याच्याबद्दल खात्री देता येत नाही. म्हणूनच आता जहाल क्लेबसिएला ओळखायला नुसत्या तारेवर न विसंबता एरोबॅक्टिन आणि आरएमपीए यांची जनुकं तपासणं जास्त भरवशाचं मानलं जातं.

जंतूला लॅबमध्ये उपाशी ठेवणं वाटतं तितकं सोपं नाही. लोह सगळीकडे असतं: नळाच्या पाण्यात, काचेवर, रसायनांच्या बाटलीत. फ्लास्क आम्लाने धुवून आयनमुक्त पाण्याने खळबळून घ्यायचे, माध्यमात डायपिरिडिलसारखं लोह पकडणारं रसायन घालायचं, आणि तरीही कुठून तरी लोह शिरतंच. १९८७ साली श्विन आणि नीलँड्स यांनी सुचवलेली निळी प्लेट या सगळ्याचं डोळ्यांना दिसणारं रूप आहे. क्रोम अझुरॉल या रंगात लोह बांधलेलं असतं तोवर प्लेट गर्द निळी. तिच्यावर क्लेबसिएलाचा ठिपका ठेवला की दुसऱ्या दिवशी भोवती नारिंगी कडं उमटतं. सिडेरोफोरने रंगातलं लोह ओढून घेतलेलं असतं. ही प्लेट बनवताना रंग, लोह आणि आम्ल यांचा क्रम जरा चुकला तर सगळं हिरवट होतं आणि फेकून द्यावं लागतं. जाड कवचाची खूण आणखी एका ठिकाणी दिसते. जंतूंचा ब्रॉथ मंद गतीने सेंट्रिफ्यूज केला की साधे जंतू तळाशी घट्ट बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं. तार देणारे मात्र खाली बसायलाच तयार नसतात, ट्यूब गढूळ ती गढूळच.

सगळेच जंतू लोहाच्या टंचाईला एकच उत्तर देतात, असं मात्र नाही. स्यूडोमोनास एरुजिनोसामध्ये लोह कमी पडलं की अल्जिनेट या बुळबुळीत बहुशर्करेचं उत्पादन वाढल्याचं दिसलं आहे. पण त्याच जंतूवर लॅक्टोफेरिन टाकून लोह काढून घेतलं तर तो एका जागी वसाहत करण्याऐवजी पृष्ठभागावर भटकत राहतो, असं २००२ मध्ये दाखवलं गेलं. टंचाई किती आणि कुठल्या टप्प्यावर, यावर बरंच ठरतं.

आणि लोह जास्त झालं तर? २००९ साली शिकागोमध्ये प्लेगच्या जंतूवर काम करणारा एक संशोधक प्लेगने गेला. जंतू मुद्दाम दुबळा केलेला होता, लोह मिळवण्याची त्याची क्षमताच काढून टाकलेली. पण त्या माणसाला हिमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे अंगात लोह साचत जाण्याचा आनुवंशिक आजार, आणि ते त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. जंतूला जे मिळवता येत नव्हतं ते शरीरानेच पुरवलं असावं, असा तपासाचा निष्कर्ष. दुसरं उदाहरण टांझानियातल्या पेंबा बेटाचं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुनील सजवाल यांच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासात, मलेरियाने ग्रासलेल्या त्या भागात लहान मुलांना सरसकट लोह आणि फोलिक ॲसिड दिल्यावर मृत्यू किंवा दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं.

हे वाचून कुणी अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या कचऱ्यात टाकू नयेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, आणि लोहाची कमतरता असलेल्या बाईची प्रतिकारशक्तीही धड राहत नाही. प्रश्न असतो तो तीव्र संसर्ग चालू असताना शिरेतून लोह द्यायचं का याचा. तिथे डॉक्टर थांबतात ते उगाच नाही. फेरिटिन हजारावर आणि हिमोग्लोबिन नऊवर असलेल्या त्या पेशंटला लोहाचं इंजेक्शन का देत नव्हते, त्याचं एक कारण हे.

जंतूच्या या उपासमारीचा फायदा औषधासाठीही करून घेतला गेला आहे. शिओनोगी या जपानी कंपनीचं सेफिडेरोकॉल हे प्रतिजैविक २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मान्य झालं. त्याच्या रेणूला लोह पकडणारा एक भाग जोडलेला आहे. उपाशी जंतू त्याला सिडेरोफोर समजून लोहासकट आत ओढतो. ज्या क्लेबसिएलावर कार्बापेनेमसारखी भारी औषधंही चालत नाहीत, त्याच्यावर ते कामी येऊ शकतं. मात्र ते तपासताना आमची जुनी पंचाईत पुन्हा समोर उभी राहते. नेहमीच्या म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये लोह असतं, त्यामुळे जंतू सिडेरोफोर आत घेण्याची यंत्रणा पुरती उघडत नाही आणि औषध असेल त्याहून दुबळं वाटतं. म्हणून नियमच असा झाला आहे की ब्रॉथमधलं लोह रेझिनने काढून मिलिलिटरला ०.०३ मायक्रोग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली आणायचं. रेझिन लोहाबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्तही ओढून घेतं; ती तिन्ही मग मोजून परत घालावी लागतात. डिस्कच्या पद्धतीत नेहमीचा अगार चालतो, पण निकाल सीमारेषेवर आला तर लोह काढलेल्या ब्रॉथमध्येच पुन्हा बघावं लागतं.